तात्पुरतं, सोमवारी काढणे

नाखवा एकही गोष्ट आकड्याशिवाय सांगत नसत. "पोरी, तीन गोष्टी सांगतो. एक..." अशी सुरुवात, आणि मध्ये कोणी बोललं तर तिसरी सांगून होईपर्यंत त्याला हाताने थोपवून धरायचे. मोबाइलवरही त्यांचे संदेश १, २, ३ असे यायचे. "दोन नंबरचा आला नाही तर समजतं ना, हरवला म्हणून. आकडाच नसेल तर काय डोंबल समजणार?"

खारदांड्याला घरची होडी, म्हणून अंधेरीच्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना नाखवा म्हणायचे. प्रत्यक्षात होडीत बसलं की त्यांना उलट्या व्हायच्या, हेही तेच हसत सांगत. औषधं घरपोच देणाऱ्या आमच्या कंपनीचे सर्व्हर ते वर्षानुवर्षं सांभाळत होते. मला काम त्यांनीच शिकवलं. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

सर्व्हर आपण काय काय केलं ते ओळीओळीने लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. एका सवलतीच्या दिवशी ऑर्डरींचा इतका मारा झाला की सगळं बंद पडलं, आणि लॉग उघडला तर नेमकी त्या वेळची अकरा मिनिटं गायब. तेव्हा सर्व्हरवर लॉगिन फक्त माझं होतं. मीच काहीतरी घोळ घालून ओळी पुसल्या, असं मॅनेजरनी ठरवून टाकलं. माझं ऑफिसची दारं उघडायचं कार्ड काढून घेतलं. दहा ते सहा काचेच्या केबिनमध्ये बसून राहायचं, पाणी प्यायला जायचं तरी विचारून. राजीनामा द्यावा तर गुन्हा कबूल केल्यासारखं, आणि कंपनीच्या अनुभवपत्राशिवाय दुसरीकडे कोण घेणार? मुलुंडला आईला मी रोज "काम खूप आहे" एवढंच सांगायचे. काचेपलीकडून सगळे ये-जा करत, माझ्याकडे कोणी बघत नसे. मला गुदमरायला व्हायचं.

एकटे नाखवाच लॅपटॉप घेऊन आत येऊन बसले. "एवढ्या सफाईने कोण पुसतं गं? लिहिलंच गेलं नसेल."

त्यांनी आकडे घातलेले दहा हजार संदेश लॉगकडे आधी सावकाश सोडले. सगळे पोचले. मग तेच एकदम सोडले. पहिले हजार आले आणि पुढचा आकडा थेट नऊ हजारांच्या वरचा. "बघ, मधले गेले कुठे? तू तर माझ्यासमोर बसलीयस." इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

कारण शोधायला अजून दोन दिवस गेले. नेटवर्क ठीक, डिस्क ठीक. शेवटी त्यांनी सेटिंगची फाइल उघडली. ठरावीक वेळात अमुक इतक्या ओळींपेक्षा जास्त आल्या तर बाकीच्या टाकून द्याव्यात, असं तिथे लिहिलेलं होतं. वर शेरा: ‘डिस्क भरली म्हणून तात्पुरतं. सोमवारी काढणे.’ खाली नाखवांचं नाव. त्याला काही वर्षं झाली होती.

"वाट लागली," ते हळूच म्हणाले. त्यांचं कंत्राट त्याच महिन्यात नवं व्हायचं होतं, मुलीचं कॉलेज अजून चालू होतं.

"नाखवा, तो शेरा काढून टाका ना. कोणाला कळणार आहे?"

"पुसलं म्हणून तुला इथे बसवलंय. आणि आता मी पुसू?"

मीटिंगमध्ये त्यांनी सगळं क्रमाने मांडलं. एक, हिने काही पुसलेलं नाही. दोन, ओळी अशा गळतात. तीन, चूक माझी. मॅनेजरनी माझं कार्ड टेबलावरून माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?" मला बोलायचं होतं. ह्यांनीच शोधून काढलं, ह्यांना काढू नका, एवढंच. पण कार्ड नुकतंच हातात आलं होतं. ते पुन्हा जाईल या भीतीने मी गप्प बसले. नाखवांचं कंत्राट नवं झालं नाही.

महिन्याभराने माफी मागायला खारदांड्याला गेले. "नोकरी आहे ना अजून?" त्यांनी दारातच विचारलं.

"आहे."

"झकास. आई बरी?"

"नाखवा, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी..."

"चहा घे आधी." मग त्यांनी बोलूच दिलं नाही. निघताना त्यांच्या बायकोने बोंबलांची पिशवी हातात दिली, आणि ती मी घेतलीसुद्धा.

घरी आईने ते तळले. ताटात वाढताना म्हणाली, "किती जीव लावतात गं तुझ्या ऑफिसातली माणसं. ही नोकरी सोडू नकोस हं."

मी अजून सोडलेली नाही.