दीड तासाचा गारवा

औषधांच्या गोदामात सगळे तिला फ्रीजताई म्हणत. अगदी तोंडावर. शीतखोलीत बारा महिने स्वेटर चढवून ती विमानाने जाणाऱ्या इंजेक्शनांचे डबे भरायची आणि झाकण लावलं की थाप मारून सांगायची, "जा बाई, गार राहा, उगाच डोकं तापवू नकोस!" ड्रायव्हर तिची हुबेहूब नक्कल करायचा. मग ती त्याच्या मानेला डब्यात घालायची गार पिशवी लावायची आणि तो बोंबलत पळायचा.

तिचा हिशेब सोपा होता. तिकिटावरच्या उतरायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करायची, दोन्हीकडच्या रस्त्याचे मिळून दोन तास वर धरायचे. तासाला एक पिशवी, अर्धा तास दिसला तरी एक. तिच्या हातचा डबा आजवर कधी कोमट पोचला नव्हता.

आजचा डबा धाकट्या भावासाठी होता. तो दूर परमुलखात, इस्पितळात. तिथे हे इंजेक्शन मिळत नव्हतं, आणि आज संध्याकाळच्या आत ते द्यायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अकराला सुटणार, साडेबाराला उतरणार. दीड तास. तिने चार पिशव्या ठेवल्या आणि मग थबकली.

"साहेब, अंतर बघा की. आपल्या नेहमीच्या शहराच्या चौपट, आणि वेळ तेवढीच?"

साहेबांचं वाक्य एकाच दारातून बाहेर पडायचं. "म्हणजे कसं आहे ना ताई, विमान नवीन असणार. म्हणजे कसं आहे ना, वाराही पाठीशी असेल."

डबा गेला. या खेपेला थाप मारताना तिच्या तोंडून काही निघालं नाही.

साडेबाराला जेवणाचा डबा तसाच ठेवून तिने भावजयीला फोन लावला. "उतरलं असेल बघ विमान. कुणाला धाडलंस का आणायला?"

"अहो ताई, इतक्यात कुठे?" भावजय हसली. "आत्ता साडेआठ होतायत. डॉक्टर सकाळच्या फेरीलाही आले नाहीत अजून."

फ्रीजताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिकडची घड्याळं मागे चालतात हे तिला माहीत नव्हतं थोडंच! भाऊ दुपारी फोन करायचा तेव्हा इकडे दिवेलागण व्हायची. पण ते माहीत असणं घरातलं होतं. कामावर फक्त वजाबाकी होती, आणि गोदामाचे डबे आजवर एकाच घड्याळाच्या शहरांत गेले होते. तिकिटावरचे साडेबारा तिकडचे होते; विमान अजून चार तास वरच असणार, आणि डब्यात पिशव्या चारच.

"ऐक. ते इंजेक्शन देऊ नका."

"काहीतरीच काय! तुमच्या हातचं कधी बिघडतं का?"

"बिघडलेलं दिसत नाही गं. बाटली तशीच स्वच्छ दिसते, आणि अंगात गेलं की विष. शपथ आहे तुला."

पलीकडे हसणं थांबलं. "मग आज काय द्यायचं त्यांना?"

तेवढ्यात फोन भावाने घेतला. आवाज पार खोल गेलेला. "ताई, रडतेस काय वेडे? दुसरं पाठव. मी कुठे पळतोय?"

"दुसरं विमान उद्या आहे रे."

"बरं. उद्या तर उद्या."

"थांबशील ना?"

तो काहीतरी बोलायला गेला, पण खोकला आला. खोकला थांबला, तरी फोनवर परत कुणी आलं नाही. फ्रीजताई तो कानाशी तसाच धरून शीतखोलीत शिरली आणि दुसऱ्या हाताने नव्या डब्यात पिशव्या भरू लागली. डबा भरला, तरी ती भरतच राहिली.