थोड्याच वेळात येत आहे

फलाटवहिनींचा आवाज गावातल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेला; चेहरा मात्र निम्म्यांनीच पाहिला असेल. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे एक अरुंद खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर मान मोडलेला माइक, तो फुटपट्टीला दोऱ्याने बांधून ताठ केलेला, आणि त्याच्यासमोर वहिनी. टेबलाखाली एक मोठं खोकं होतं. आपोआप घोषणा करणारं यंत्र. वरच्या कचेरीने पाठवलेलं. स्थानकप्रमुखांनी ते अजून फोडलं नव्हतं, कारण फोडलं की चालवायला शिकावं लागणार, आणि शिकण्याचा त्यांना भारी कंटाळा. वहिनी त्या खोक्यावर पाय ठेवून बसायच्या. जे आपली नोकरी खाणार, त्याचा निदान पाय टेकायला तरी उपयोग व्हावा.

वहिनींचे यजमान आगारात मिस्त्री. कुठली गाडी आज यायची नाही हे वहिनींना सगळ्यांच्या आधी कळायचं, कारण यजमान त्या गाडीखाली आडवे असायचे. पण माइकवर तसं म्हणायची सोय नव्हती. 'रद्द' हा शब्द वरून यायचा, आणि दुपार कलल्याखेरीज यायचा नाही. तोवर वहिनींनी म्हणायचं एकच: थोड्याच वेळात येत आहे.

आपण सगळं अगदी एका सुरात वाचतो, अशी वहिनींची ठाम समजूत होती. समजूत चुकीची होती. आलेल्या गाडीचा फलाट त्या खणखणीत सांगायच्या. न येणाऱ्या गाडीच्या वेळी मात्र 'थोड्याच'च्या अलीकडे एक बारीकसा श्वास यायचा, आणि तो 'ड्या' नको तितका ताणला जायचा. झालं. तेवढ्यावर, परगावचे सोडले तर, अख्खं स्थानक पिशव्या उचलून बाहेरच्या जीपवाल्यांकडे चालू पडायचं. वहिनींना हे कधी कळलंच नाही. खिडकीतून त्यांना दिसायच्या त्या लोकांच्या पाठी, आणि स्थानकात पाठी जातच असतात.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना खासदारकीची निवडणूक आली.

उमेदवार तीन. एक कारखानदार, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक डॉक्टरीणबाई. गावात आवाज भरायची खोली एकच, फोटो स्टुडिओच्या मागची, आणि भोंग्यावर शोभेल असा आवाजही एकच. तेव्हा तिघांचाही प्रचार वहिनींनीच भरून दिला. सकाळी कारखानदाराची गाडी वहिनींच्या आवाजात गेली, की तिच्या धुरातून मुख्याध्यापकांची यायची, तीही वहिनींच्याच आवाजात. वहिनींना यात काही वावगं वाटलं नाही. त्या म्हणायच्या, मी फलाट सांगते, गाडीत कोणी बसायचं ते ज्याचं त्याने बघावं.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. मुख्याध्यापकांची गाडी समोरून गेली तेव्हा तो कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होता. 'स्वच्छ चारित्र्याचे' हे वहिनी खणखणीत म्हणाल्या, फलाटावर गाडी लागल्यासारखं. पण 'तडफदार नेतृत्व' म्हणताना तो श्वास आला. इस्त्रीवाल्याचा हात जागच्या जागी थांबला, कॉलर पिवळी पडली.

त्या संध्याकाळपासून टेबलाभोवती बैठकच बसू लागली. जाहीरनामे कोण वाचतो. लोक भोंगा ऐकायचे आणि एकेक शब्द सुटा करून त्याचा निकाल लावायचे. डॉक्टरीणबाईंचं 'अनुभवी' आलेल्या गाडीच्या सुरात होतं, त्याबद्दल दुमत नव्हतं. पण 'चोवीस तास उपलब्ध' ऐकताना सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शिंपीणकाकू म्हणाल्या, बाई बारापर्यंत दवाखान्यात फिरकत नाही हे वहिनीला माहीत असणारच, गुडघ्यासाठी जाते ना ती. कारखानदाराचं 'रोजगार' बरं होतं. 'नदीवर नवा पूल' मात्र असं काही ताणलं गेलं होतं, की इस्त्रीवाल्याच्या मते त्या ताणलेल्या 'पू'वरूनच चालत पलीकडे जाता आलं असतं.

घरी ही बातमी सासूबाईंनी आणली. शेंगा सोलता सोलता त्यांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"म्हणजे लोक माझ्या आवाजावरून मत ठरवतायत?" वहिनींच्या हातातला डबा हातातच राहिला.

"तुझ्या नाही गं, श्वासावरून. आवाजाचं कोण काय ऐकतंय."

"पण आत्या, मी सगळं सारखंच वाचते."

सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जसं मीठ विसरलेल्या भाजीकडे पाहतात. मग म्हणाल्या, परवा तू मला 'तुमची बहीण चार दिवस राहिली तर काय बिघडतं' म्हणालीस ना, तेव्हाही तो श्वास आला होता. मी तिला दोन दिवसांतच वाटेला लावली.

यजमान जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण हसू आवरताना त्यांना ठसका लागला, आणि वहिनींच्या मनाला सर्वांत जास्त लागला तो ठसकाच.

दुसऱ्या दिवशी चौकशी खिडकीमागे कारखानदाराचे प्रचारप्रमुख येऊन उभे राहिले, सोबत स्थानकप्रमुख. दोघे साडू निघाले. प्रचारप्रमुखांनी गोड बोलून सांगितलं, की पुलावर लोक हसतायत, तेव्हा पूल पुन्हा भरून द्यावा, मनापासून. शिवाय रविवारी शाळेच्या सभागृहात तिन्ही उमेदवार एका मंचावर येणार आहेत, मतदार समोरासमोर प्रश्न विचारणार आहेत, निवेदन वहिनींकडेच आहे. तिथं असलं काही झालं, तर साहेबांना वाईट वाटेल. स्थानकप्रमुखांनी फक्त टेबलाखालच्या खोक्याकडे पाहिलं, आणि वहिनींनी पाय हळूच खाली घेतले.

त्या संध्याकाळी घरात पुलाची तालीम झाली. सासूबाई दिग्दर्शक. त्यांनी सुचवलं, की पूल डोळ्यांसमोर आणायचाच नाही, दुसरं काहीतरी खरं आणायचं. पहाटेची पहिली गाडी आण, ती कधी चुकत नाही. वहिनींनी डोळे मिटले, पहाटेची गाडी आणली, तिचे दिवेसुद्धा आणले, आणि म्हणाल्या, नदीवर नवा पूल.

"आता फारच गोड झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता वाटतंय पूल सासरी चाललाय."

तरी तेच भरून दिलं. गल्लीत ते वाजलं तेव्हा इस्त्रीवाल्याने टोपी काढली. एवढ्या प्रेमाने वहिनी कधीच बोलल्या नव्हत्या; असं गोड माणूस गेलेल्याबद्दलच बोलतो. बैठकीत एकमताने ठरलं, की आधी पूल उशिरा होता, आता तो रद्दच झालेला दिसतो.

रविवारी सभागृह गच्च भरलं. शाळेचे बाक छोटे, माणसं मोठी. गुडघे हनुवटीला लावून गाव बसलं होतं. मंचावर तीन खुर्च्या. मुख्याध्यापक अर्धा तास आधीच आले होते आणि झोपेशी झुंजत होते. डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या, त्याचंच त्यांना नवल वाटत होतं. मधली खुर्ची रिकामी. लोक चुळबुळ करू लागले. प्रचारप्रमुख घाम पुसत वहिनींच्या कानाशी आले आणि म्हणाले, साहेब निघालेत, सांगून टाका.

वहिनींनी माइक धरला. पहिल्या रांगेत सासूबाई, शिंपीणकाकू, इस्त्रीवाला. कोपऱ्यात हात पाठीमागे बांधून स्थानकप्रमुख. सांगायचं वाक्य एकच होतं, आणि ते त्यांनी आयुष्यभर म्हटलेलं होतं. वहिनींनी ठरवलं, श्वास घ्यायचाच नाही. ओठ घट्ट मिटले, छाती रोखली, चेहरा लाल झाला, आणि शेवटी जीव आहे म्हटल्यावर श्वास आलाच, तोही माइकला चिकटून, भल्या मोठ्या भोंग्यातून सगळ्या सभागृहभर.

"साहेब थोड्याच वेळात येत आहेत."

इस्त्रीवाला उठला, सवयीने. त्याच्यामागे पिशव्यांची सळसळ झाली. कुणी ठरवून केलं नव्हतं. पायांनाच ते वाक्य पाठ होतं. अर्धं गाव दाराकडे वळलं, आणि आपण काय करतोय हे ध्यानात आल्यावर हसत सुटलं. डॉक्टरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मुख्याध्यापक हशाने दचकून जागे झाले आणि सभा संपली समजून नमस्कार करू लागले. स्थानकप्रमुखांनी वहिनींकडे पाहिलं. त्या नजरेत खोक्याची चिकटपट्टी टराटरा फाटत होती.

नेमके तेव्हाच दारातून कारखानदार आत आले. बाहेर निघालेलं गाव आणि आत येणारे ते समोरासमोर थबकले. प्रचारप्रमुख धावत गेले आणि हात नाचवत सगळा गुन्हा सांगू लागले. कारखानदारांनी ऐकून घेतलं, मंचावर चढले, आणि वहिनींच्या हातातला माइक मागून घेतला. वहिनींना वाटलं, माइक हातात घेण्याचा हा आपला शेवटचा दिवस.

"कारखाना काढायच्या आधी मी रोज इथून बसने जायचो," ते म्हणाले. "हे वाक्य ऐकलं की मीही जीप धरायचो. बाईंची काही चूक नाही. बसा, गाडी आलेली आहे."

लोक हसले, बसले. मग शिंपीणकाकूंनी हात वर करून सरळ विचारलं, पूल कधी. कारखानदार म्हणाले, थो... आणि तिथंच थांबले. सगळं सभागृह पुढे झुकलं होतं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी निर्विकार.

"या पाच वर्षांत पुरा होणार नाही," ते म्हणाले. "पायाभरणी होईल. त्याहून जास्त मी सांगितलं तर तुम्ही उठून जाल."

प्रचारप्रमुखांनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली, मग थांबवली, वाजवावी की नाही हे नक्की न कळून. पुढे डॉक्टरीणबाईंना दवाखान्याची वेळ विचारली गेली, तेव्हा त्यांनीही चोवीस तास हा शब्द उच्चारला नाही. सकाळी मला उठवत नाही, म्हणाल्या, दुपारनंतर कधीही या. मुख्याध्यापकांनी तर तडफ आपल्यात कधीच नव्हती हे इतक्या तडफेने सांगितलं, की पंचाईत झाली.

घरी जाताना सासूबाई फार नाराज होत्या. आता तिघंही खरं बोलायला लागले, म्हणाल्या, माणसाने निवडावं तरी कसं. इस्त्रीवाल्याने वहिनींना गाठून विचारलंच, वहिनी, तुमचं मत कुणाला? वहिनी म्हणाल्या, ते मी श्वास रोखून देणार आहे.

सोमवारी सकाळी त्या खोलीत शिरल्या तेव्हा खोकं जागेवरच होतं. पण चिकटपट्टीचं एक टोक कुणीतरी नखाने उचकटून पाहिलेलं होतं. वहिनींनी ते अंगठ्याने दाबून बसवलं. मग यजमानांचा निरोप आला: नऊची गाडी, गिअरबॉक्स गेला, मी खाली आहे.

वहिनींनी माइक सुरू केला. बाहेर फलाटावर नेहमीची माणसं उभी होती, पिशव्या पायाशी, कान वर. 'थोड्याच'पर्यंत त्या आल्या. श्वास आला, त्यांना या वेळी तो स्वतःला ऐकूही आला. त्यांनी तो पुरा सोडला.

"नऊची गाडी आज येणार नाही," त्या म्हणाल्या. खणखणीत, फलाटावर लागल्यासारखं.

बाहेर कुणी हललं नाही. माणसं एकमेकांकडे पाहत राहिली, कारण हा सूर तर आलेल्या गाडीचा होता. दोघे-तिघे चक्क वाकून रस्त्यावर गाडी दिसते का ते बघू लागले. वहिनींना पुन्हा सांगावं लागलं, मग तिसऱ्यांदा, आणि तेव्हा कुठे पिशव्या उचलल्या गेल्या.

स्थानकप्रमुख तरातरा आले. वरून आदेश नसताना, असं म्हणत त्यांनी बोट उगारलं, आणि ते बोट तसंच राहिलं. त्यांच्या खिडकीशी दर सोमवारी भांडायला येणारी, तो श्वास न ओळखणाऱ्या परगावच्यांची गर्दी आज नव्हती. एकही माणूस नाही. खिडकीच्या कठड्यावर एक चिमणी निवांत बसली होती.

त्यांनी ते बोट हळूच खाली घेतलं. मग म्हणाले, दहाचीचं काय आहे, तेही विचारून घ्या यजमानांना.

वहिनींनी पाय खोक्यावर ठेवले.