अंबव्वाचा कोपर आणि डॉक्टरांचं अर्धं वाक्य

किस्से काही जमवावे लागत नाहीत. चार बायका एका शेडमध्ये दिवसभर बसल्या की ते आपोआप साचत जातात. सोलापुरात अक्कलकोट रोडला, माझ्या घरामागे, कडक भाकरीची शेड आहे. तिथले किस्से माझ्याकडे इतके आहेत की पाहुण्यांचा चहा गार होतो, पण माझं काही संपत नाही! त्यातले निम्मे एकाच गोष्टीवरचे आहेत, ती म्हणजे अंबव्वाचा उजवा कोपर. लोक पोट धरून हसतात, मीही हसते. सांगून झाल्यावर मात्र मला वाईट वाटतं. का वाटतं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आधी माणसं सांगते. अंबव्वा भाकरी थापते, रशीदा भाजते, सुनीता वाळवून पॅकिंग करते आणि मी ऑर्डरी घेऊन तिघींवर ओरडते. अंबव्वा अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. घरात कन्नड, आमच्याशी मराठी. तिच्यासारखी पातळ भाकरी अख्ख्या गल्लीत कुणाला जमली नाही. नवरा गेल्यापासून तिचं घर तिच्या उजव्या हातावर चालत होतं. खरं सांगायचं तर माझंही त्याच हातावर चालत होतं.

*

सुरुवात झाली कपापासून. एके दिवशी चहा पिताना अंबव्वाच्या हातून कप पडला. दोन दिवसांनी दुसरा पडला. तिसरा फुटला तेव्हा मी म्हणाले, "अंबव्वा, आता तुला स्टीलच्या पेल्यातच चहा!"

ती स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायला लागली. दोन्ही हातांनी का, हे मी विचारलंच नाही. पुढे पिठाचा डबा उचलताना ती मटकन खाली बसली, तेव्हा कुठे मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूला नुसतं बोट टेकवलं तर अंबव्वा कळवळली. "टेनिस एल्बो," ते म्हणाले. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची दोरी तिथं हाडाला धरलेली असते, एकच काम वर्षानुवर्षं केलं की ती झिजते, असं त्यांनी समजावलं. ऑपरेशनची गरज नाही, विश्रांती, व्यायाम आणि धीर एवढं पुरे, म्हणाले.

शेडमध्ये येऊन मी हे सांगितलं तर सुनीता खवळलीच. ती वैरागची, तिचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. "टेनिस? आवं ही बया कदी लगोरी खेळली न्हाय, टेनिस कुटलं!"

रशीदा तव्यावरून मान न उचलता म्हणाली, "गोलियां तो मिल जातीं अक्का. ये धीर कौनसे मेडिकल में मिलता?"

आम्ही खूप हसलो. फुटलेल्या कपांचं मला तेव्हाच वाईट वाटून गेलं होतं. हाताचं वाटायला दोन महिने लागले.

*

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "उजव्या हाताला विश्रांती." अंबव्वाने ती अगदी प्रामाणिकपणे दिली. दुसऱ्या दिवशी उजवा हात पदरात बांधून आली आणि डाव्या हाताने थापायला बसली!

पहिल्या दिवशी भाकरी लांबोडक्या झाल्या. रशीदा म्हणाली, "ये भाकरी है की चप्पल?" पण चौथ्या दिवशी डाव्या हाताने अशा गोल गरगरीत उतरायला लागल्या की आम्ही तिघी काम सोडून बघत राहिलो. मी तर टाळ्या वाजवल्या. शेजारणीला बोलावून दाखवलं. "दोन्ही हातांची कारागीर आहे माझ्याकडे!" असं फोनवर गिऱ्हाइकांनाही सांगत सुटले.

तिसऱ्या आठवड्यात डावा कोपर दुखायला लागला.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, मी विश्रांती सांगितली होती, बदली नव्हे!" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही बघत होतात ना?"

मी बघतच होते. टाळ्या वाजवत बघत होते. हा किस्सा सांगताना टाळ्यांचा भाग मी सहसा गाळते.

*

मग आला पट्टा. कोपराच्या थोडा खाली, हाताला आवळून बांधायचा. काम करताना दोरीवरचा ताण कमी होतो. मी मेडिकलमधून चांगला निळा पट्टा आणला आणि शेडमधल्या खुंटीला अडकवला. तिथंच चुकलं.

आमच्या शेडमध्ये खुंटीला जे अडकवलेलं असतं ते सगळ्यांचं. झाडू, सांडशी, एप्रन, सगळंच. त्यामुळे पट्टाही सगळ्यांचा झाला! सुनीताचं मनगट भरून आलं की सुनीता बांधायची. रशीदाचा दंड दुखला की रशीदा. एकदा माझी पोटरी धरली तर मीही बांधून बसले होते, खोटं कशाला बोलू?

व्यायाम शिकवणाऱ्या श्रुती मॅडम एकदा शेडमध्ये आल्या. काम कसं चालतं ते बघायचं होतं त्यांना. त्यांनी अंबव्वाला विचारलं, "पट्टा कुठंय?"

अंबव्वा शांतपणे म्हणाली, "आज अक्काची पाळी हाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पोटरीवर साडी ओढून घेतली.

*

मॅडम म्हणाल्या, काम झाल्यावर कोपराला बर्फाने शेका, फडक्यात गुंडाळून, दहा मिनिटं. आता आमच्या शेडमध्ये तवे चार आणि फ्रीज एकही नाही. माझ्या घरात आहे, पण अंबव्वाला मागायचा संकोच. तिने आपली तोड काढली. संध्याकाळी रस्त्यावरून गारेगारवाला जायचा, त्याच्याकडून ती एक नारिंगी कांडी घ्यायची आणि फडक्यात गुंडाळून कोपराला लावायची.

आठवडाभर उत्तम चाललं. मग एके दिवशी थापता थापता ती एकदम ओरडून उठली. बाहीत मुंग्या! मुंग्यांची रांग दारापासून पाटापर्यंत, पाटापासून थेट अंबव्वाच्या कोपरापर्यंत!

रशीदा म्हणाली, "डॉक्टर कू फीस दे को जो जगा मिली, वो मुंग्यों कू फुकट में मिली!"

घरात बर्फ पडून होता. "अंबव्वा, फ्रीज उघड आणि घे," एवढं म्हणायला मला मुंग्यांची रांग बघावी लागली.

*

एक मात्र खरं, व्यायामाने गुण येत होता. मॅडमनी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली दिली होती. हात टेबलावर ठेवायचा, पंजा पालथा, मनगट टेबलाच्या कडेबाहेर. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्यायचं आणि मग बाटली धरलेलं मनगट हळूहळू खाली सोडायचं. घाई करायची नाही. पंधरा वेळा, दिवसातून तीनदा.

बाटलीचा अंबव्वाला कंटाळा यायचा. तिने बाटलीऐवजी पिठाचा गोळा घेतला. मॅडमनी शंका काढली, "वजन अर्धा किलोच पाहिजे हं. अंदाजाने नको."

अंबव्वाने परातीतून गोळा तोडला, तळहातावर एकदा झेलला, चिमूटभर पीठ काढून टाकलं आणि पुढे केला. मॅडमनी काट्यावर ठेवला. बरोबर अर्धा किलो! मॅडम दोन वेळा काटा हलवून बघत राहिल्या.

"आता पाऊन किलो देऊ?" अंबव्वाने विचारलं.

"दोन आठवड्यांनी," मॅडम हसून म्हणाल्या.

त्या दोन आठवड्यांत ती कपातून चहा प्यायला लागली. रोज थोडंसंच थापायची, मध्ये थांबायची, पण भाकरी तिची होती. कप तिने एका हाताने धरला तेव्हा सुनीता रडली होती. हात बरा होत होता, आणि हे मला दिसत होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

*

पुण्याच्या एका लग्नाची ऑर्डर आली. मोठी होती. पार्टीने अंबव्वाच्या हातची भाकरी कुठेतरी खाल्ली होती, त्यांना तीच हवी होती. तिच्या त्या थोड्या थोड्या थापण्यात ही ऑर्डर निघणं शक्य नव्हतं. नाही म्हणता आलं असतं. मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "एखादं इंजेक्शन असतं ना?"

डॉक्टर नाखूश होते. ते माझ्याशीच बोलत होते, कारण अंबव्वा नेहमीसारखी मान खाली घालून बसली होती. म्हणाले, "देतो. आता दुखणार नाही. पण दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नव्हे. महिनाभर थापणं बंद ठेवा. आत्ता काम केलं तर दुखणं परत उठेल, आणि आधीपेक्षा वाईट."

तेवढ्यात पार्टीचा फोन आला. मी बाहेर जाऊन बोलले. "हो हो, पोचतील. शब्द देते की!"

परत येताना रिक्षात अंबव्वाने विचारलं, "अक्का, काय म्हनला डाक्टर?"

मी म्हणाले, "आता दुखणार नाही म्हणाले."

यात खोटा शब्द एकही नव्हता. सगळे डॉक्टरांचेच होते. फक्त पुढचे मी गिळले. अंबव्वाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

दहा दिवस तिने असं काही थापलं की विचारू नका! मी मधूनमधून विचारायचे, दुखतंय का? ती म्हणायची, "नोवु इल्ला, अक्का." दुखत नाही. रशीदाला भाजायला हात पुरेनात. ती करवादली, "सुई इसकू मारे, और भूत मेरे पीछे लगा!"

आम्ही त्यावरही हसलो.

ऑर्डर वेळेत गेली. पार्टीने फोन करून कौतुक केलं. मी ते दोन वेळा ऐकून घेतलं.

महिन्याभरात दुखणं उठलं, डॉक्टर म्हणाले होते अगदी तसं. कप सोडा, अंबव्वाला कंगवा धरवेना. सकाळी शेडमध्ये आली की आधी सुनीता तिची वेणी घालायची आणि मग आम्ही चुली पेटवायचो. ती पाटाशी बसायची, पिठाकडे बघायची आणि उठून पॅकिंगला जायची. पिशवीची गाठही तिला मारता येत नव्हती. शेवटी एक दिवस म्हणाली, "भावाकडं जाते, अक्का. हितं बसून हात उगी पिठाकडं जातो."

मी अडवलं नाही. अडवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

*

मी थापायचं मशीन आणलं. भाकरी सगळ्या एकसारख्या, एका मापाच्या निघतात. जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक आजीबाई दर महिन्याला पुडा न्यायच्या. मशीनची भाकरी मोडून त्यांनी तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि विचारलं, "बाई कुटं गेली?"

सुनीता म्हणाली, "कोपर दुखतोय तिचा."

आजी म्हणाल्या, "तिला म्हनावं, आमी थांबतो."

गिऱ्हाईक थांबायला तयार होतं! थांबायला तयार नव्हते ती मीच.

*

सात महिन्यांनी मी अंबव्वाच्या भावाच्या गावी गेले. श्रुती मॅडमनी फोनवर व्हिडिओ लावून तिचे व्यायाम सुरू ठेवले होते. बाटलीपासून पुन्हा पहिल्यापासून, एक दिवस न चुकवता. ऑपरेशन नाही, परत सुई नाही.

अंगणात अंबव्वा सुपात तूर पाखडत बसली होती. चांगली घट्ट वेणी, स्वतः घातलेली. मला बघून उठली, आत गेली, चहाचं भरलेलं पातेलं एका हाताने उचलून आणलं आणि कपात ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. 

वाटेत सगळं पाठ केलं होतं, ते विसरले. सरळ म्हणाले, "अंबव्वा, त्या दिवशी डॉक्टर आणखी बोलले होते. महिनाभर थापायचं नाही, नाहीतर आधीपेक्षा वाईट होईल, म्हणाले होते. मी तुला सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही."

तिने सूप परत मांडीवर घेतलं. "म्हाईत हाय की."

"कसं?"

"डाक्टर आमच्याच मुलकाचा हाय, अक्का. तुमी फोन घेऊन भाईर गेलता, तवा त्यानं मला समदं कन्नडात सांगितलं."

मी हातातला कप खाली ठेवला. "मग थापल्यास कशाला?"

"तुमी शब्द दिलाता लोकास्नी. लई मोट्यानं बोलत हुता, आत आयकू येत हुतं."

"आणि सगळं माहीत होतं, तर रिक्षात मला विचारलंस कशाला, डॉक्टर काय म्हणाले म्हणून?"

अंबव्वाने सूप एकदा पाखडलं, वरचा कोंडा फुंकून टाकला.

"त्ये तुमच्यासाटी इचारलं हुतं, अक्का."