तांबड्या रोरीचा अँगस

केप ब्रेटन बेटावरच्या ग्लेनाश गावात एफी गिलिस सव्वीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यात परिचारिका होती. गावातल्या निम्म्या लोकांना पाळण्यात असताना तिनंच लस टोचलेली. हिवाळ्यात तिची गाडी बर्फात रुतली की लोक न सांगता फावडी घेऊन यायचे. आणि दर शुक्रवारी कोणीतरी ओटच्या बिस्किटांचा डबा कचेरीच्या पायरीवर ठेवून जायचं. डब्यावर लिहिलेलं असायचं, 'एफीला'.

साथ आली त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डब्यावर 'ब्रुकला' लिहून यायला लागलं.

कचेरीत परिचारिकांच्या चार खुर्च्या. एकीला मोठ्या इस्पितळात हलवलं होतं, एक स्वतःच आजारी पडली होती आणि तिसरीची जागा खात्यानं चार वर्षं भरलीच नव्हती. उरली एफी, आणि दिवसाला सत्तर फोन. कोणाला ताप आलाय, त्याच्याजवळ कोण बसलं होतं, कोणी घरातच थांबायचं. अशात हॅलिफॅक्सहून सत्तावीस वर्षांची ब्रुक टॅनर मदतीला आली. एफीला हायसं वाटायला हवं होतं, पण तिचा जळफळाट झाला. पोरगी चलाख होती. चिडलेल्या माणसाशीही फोनवर हसून बोलायची. दोन महिन्यांत गावच्या रेडिओनं मुलाखत घेऊन तिला 'आपली ब्रुक' म्हटलं. एफीला सव्वीस वर्षांत रेडिओनं एकदाच बोलावलं होतं, तेही डोक्यातल्या उवांबद्दल बोलायला.

एकच गोष्ट ब्रुकला येत नव्हती. ग्लेनाशमध्ये अँगस मॅकडोनाल्ड नावाची नऊ माणसं होती, म्हणून तिथं माणूस ओळखायचा तो त्याच्या बापाच्या, आजाच्या टोपणनावावरून. सरकारी यादीत ही टोपणनावं नव्हती. एफीला तोंडपाठ होती. तेवढा हुकमाचा पत्ता तिच्या हातात उरला होता, आणि तो तिनं घट्ट धरून ठेवला होता.

बुधवारी दुपारी ब्रुकनं विचारलं, "एफी, मासळीच्या कारखान्यातला तो पेशंट म्हणतो, तांबड्या रोरीच्या अँगसनं त्याला गाडीतून घरी सोडलं. यादीत नऊ अँगस आहेत. यातला कोणता?"

एफीची नजर क्षणभर पत्र्याच्या कपाटाकडे गेली. तिथं तिची लसीची जुनी कार्डं होती. मग ती म्हणाली, "यादीत असेलच की. तुमच्या कॉम्प्युटरला सगळं येतं ना, त्याला विचार."

आणि नमुन्यांची पेटी उचलून ती वृद्धाश्रमात निघून गेली. रस्ताभर तिला बरं वाटत होतं. बसू दे जरा चाचपडत.

गुरुवारी सकाळी बूट चढवताना तिला वाराची आठवण झाली आणि हात थांबले. दर गुरुवारी तांबड्या रोरीचा अँगस चौदा म्हाताऱ्यांच्या घरी जेवण पोचवायचा. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चहा घ्यायचा. एका पायात बूट तसाच ठेवून तिनं फोन लावला.

"अँगस, आज डबे घेऊन निघू नकोस."

"निघतोय कुठला? कालपासून खोलीत कोंडलंय मला तुमच्या पोरीनं."

"ब्रुकनं? तिला कसं कळलं तू कोणता ते?"

"तुझ्याच कार्डांवरून. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलंयस म्हणे, कोण कोणाचा. तीनशे कार्डं उपसली बिचारीनं. आमच्या म्हाताऱ्याला लोक पाठीमागे काय म्हणायचे तेही लिहिलंयस, तेवढं खोड बाई." तो हसला. एफी हसली नाही. "म्हणाली, एफीच्या हातचं आहे म्हणजे बरोबरच असणार. डब्यांचंही चर्चच्या फादरना सांगून लावून दिलं तिनं. गुणी आहे हो पोर."

"कळलं," म्हणून एफीनं फोन ठेवला.

चौदा म्हातारे वाचले याचा आनंद तिला झाला. पण त्याच्या आधी मनात आलं ते वेगळंच होतं. हेही तिनंच केलं, मी नाही. हे आपल्याला आधी सुचावं याची तिला लाज वाटली, तरी ते मनातून जाईना.

कचेरीत ब्रुकचे डोळे जागरणानं लाल झाले होते. एफी कोट न काढताच तिच्या टेबलाशी उभी राहिली.

"काल मला माहीत होतं, ब्रुक. तांबड्या रोरीचा कोणता ते."

"हो. मी विचारलं तेव्हा तुम्ही कपाटाकडे बघितलंत. म्हणून तर उघडलं."

आवाजात राग नव्हता. असता तर एफीला सोपं गेलं असतं. ब्रुकनं बिस्किटांचा डबा बाजूला सारून नवी यादी टेबलावर पसरली. "आज सात डोनाल्ड आहेत. आठला फोन सुरू होतील."

एफीनं खुर्ची ओढली. "पहिल्याची जन्मतारीख वाच," ती म्हणाली, "आणि पेन्सिल घे."