फ्लायव्हील का निघेना

एखादी वस्तू का अडली हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. म्हणून बाबांच्या जुन्या गाडीचा क्लच बदलायला घेतला तेव्हा मी शिकवते त्या शाळेतून दोन दिवस रजा काढली आणि पनवेलच्या त्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले. शेजारच्या खुर्चीत बाबा होतेच.

गाडी स्टीअरिंगच्या दांडीवर गिअर असलेली. उरणकडच्या मच्छीमार होडीवर इंजिन सांभाळत असताना बाबांनी ती जुनीच विकत घेतली आणि आल्या आल्या तिचा क्लच स्वतःच्या हाताने बदलला. तेव्हापासून पहिल्या गिअरला सुटताना ती अंगात आल्यासारखी थरथरायची. बाबा म्हणायचे, गाडीचा स्वभावच तो. पण आई चालवायला शिकू लागली तेव्हा त्याच थरथरीचा दोष तिच्या पायावर आला. ‘क्लच नीट सोड’ हे तिने बाबांकडून इतक्या वेळा ऐकलं की एके दिवशी किल्ली टेबलावर ठेवली ती कायमची. मला त्याचा अजून राग येतो.

मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, झिजलेली क्लचप्लेट काढली. मागे राहिलं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला बसणारं जड लोखंडी चाक. तेही घासलं गेलं होतं, लेथवर साफ करून घ्यायचं होतं. सगळे बोल्ट निघाले, पण चाक जागचं हलेना. मिस्त्रीने दोन बोल्ट अर्धवट परत लावले, सुटलंच तर अंगावर पडू नये म्हणून, आणि लाकडी हातोड्याने एकदा इकडून, एकदा तिकडून हलकेच ठोकत राहिला. तासभर त्याचं हेच चाललं होतं.

“जोरात मारा की,” मी म्हटलं.

“ताई, ओतीव लोखंड हाय. तडकलं तर दुसरं मिलनार नाय. मग गाडी सरळ कळंबोलीला, भंगारात.”

ते ऐकून बाबा ताठ बसले.

पण नुसतं बसून किती वेळ राहणार? चहा आला, संपला, आणि मी टॉर्च घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. चाक जिथे इंजिनाला टेकतं तिथे एक बारीक रेघ दिसत होती. गंज असता तर तांबडी असती. ही पांढरट होती. मिस्त्रीला दाखवली. त्याने ब्लेडने खरवडलं.

“सफेदा वाटतो. नलाच्या जोडाला लावतात तो. पन हितं कोन लावील?”

आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं.

“मी कायच लावलं नाय,” बाबा म्हणाले, आणि अगदी ठाम म्हणाले.

मिस्त्रीने गॅसची बारीक ज्योत घेतली आणि चाकाचा मधला भाग सावकाश तापवायला लागला. थोड्या वेळाने सफेद्यातल्या जुन्या, करपलेल्या तेलाचा वास सुटला. बाबा खुर्चीतून उठले. खड्ड्याच्या काठाशी येऊन त्यांनी तो वास पुन्हा घेतला.

“ह्यो होडीवरचा वास हाय,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “मीच लावला. होडीवर कोरडा जोड ठेवला तर खारं पानी शिरतं. चाक परत बसवताना हात आपसूक सफेद्याच्या डब्यात गेला आसल.”

पुढच्या दोन ठोक्यांत चाक सुटलं, अख्खंच्या अख्खं. माझा जीव भांड्यात पडला. मागे सफेद्याचा दगड झालेला थर होता, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला नावापुरता.

“चाक वाकडं बसलं व्हतं,” मिस्त्री म्हणाला. “वाकडं फिरलं की गाडी थरथरनारच.”

इतक्या वर्षांचं कोडं सुटलं म्हणून मला केवढा आनंद झाला. टाळी वाजवायचीच बाकी होती. तेवढ्यात बाबा म्हणाले, “म्हंजी तिचा पाय बरोबर व्हता.”

तो थर त्यांनी कोणाला काढू दिला नाही. ब्लेड आणि रॉकेल घेऊन खाली बसले, अवघडलेले गुडघे सांभाळत स्वतःच घासून काढला. शेवटी जागा फडक्याने पुसली आणि तिच्यावरून बोट फिरवून मला दाखवलं. बोट कोरडं होतं.

गाडी जोडून झाल्यावर रविवारी सकाळी आम्ही ती घरामागच्या मोकळ्या मैदानात नेली. बाबांनी किल्ली आईपुढे धरली. “चूक माजी व्हती. तुजा पाय नाय चुकला कदी.”

आईने त्यांना काहीच विचारलं नाही, मला विचारलं. मी पातेल्यावर वाकडं झाकण ठेवावं तसं चाक कसं बसलं होतं ते हाताने करून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि जाऊन स्टीअरिंगमागे बसली. बाबांनी सवयीने तिच्या शेजारचं दार उघडलं.

“तुमी मागं बसा,” ती म्हणाली.

बाबा मागे बसले. गाडी दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा आईच्याच पायाने. बाबा हात गुडघ्यांत दाबून बसले होते आणि एक अक्षर बोलले नाहीत. तिसऱ्यांदा गाडी सुटली, जराही न थरथरता.