दहापैकी दहा

आमचा निहार कोच झाला याचा सगळ्यात जास्त आनंद मला झाला, आणि सगळ्यात आधी पस्तावले तीही मीच. हिगाशी-कसाईत वाढलेला हा माझा भाचा त्सुकुबातल्या एका छोट्या जपानी कॉलेजात चार वर्षं फुटबॉल खेळला आणि पाच वर्षांनी त्याच मैदानावर असिस्टंट कोच म्हणून परत आला. खोली मिळेपर्यंत मुक्काम माझ्याकडे.

कॉलेजने त्याला का बोलावलं, ते क्लबच्या भिंतीवरच टांगलंय. तिसऱ्या वर्षीच्या सामन्यातला फोटो: कपाळाला पट्टी, आणि डोक्याने मारलेला गोल. मुख्य कोचना तिथे सगळे कान्तोकु म्हणतात. ते दर वर्षी नव्या मुलांना फोटोसमोर उभं करून सांगतात, 'खेळाडू असा असतो.' त्या सामन्यानंतर दोन महिने निहारला उजेड सहन होत नव्हता, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. रविवारी जेवायला आला की हा दिवे बंद करायचा, आणि मी एवढी शास्त्रज्ञ बाई, 'माझ्या विजेच्या बिलाची काळजी तुला कशाला रे?' म्हणून त्याचीच चेष्टा करायचे.

त्याला दिलेलं काम साधं होतं. रोज सकाळी प्रत्येक खेळाडू एक कागद भरतो. झोप, पाय, पाठ, डोकं, प्रत्येकाला दहापैकी गुण. सगळे सगळीकडे दहा लिहितात. सामन्याआधी असिस्टंट कोचने ते कागद मोठ्याने वाचायचे आणि कान्तोकुंनी मान हलवायची. निहारनेही चार वर्षं दहाच लिहिले होते.

शुक्रवारी सरावात शिमिझू नावाचा खेळाडू दुसऱ्यावर जोरात आदळला. उठला, हसला, पण बुटाची नाडी त्याला चारदा बांधावी लागली. निहारने त्याला बाजूला घेऊन, डोकं दुखतंय का, असं विचारलं. तो म्हणाला, "पट्टी बांधून तुम्हीसुद्धा खेळला होतात ना?"

संध्याकाळी जेवताना निहारने हे मला सांगितलं.

"मावशी, मला खूप भीती वाटतेय गं. उद्या मॅचच्या आधी बोललो तर तो फोटोच खोटा पडतो. मग कान्तोकु मला ठेवतील कशाला?"

"आणि नाही बोललास तर?"

तो ताट उचलून उठला. जाताना दिवा बंद करून गेला.

शनिवारी मी मैदानाच्या जाळीबाहेर उभी होते. मुलं इथल्या रिवाजाप्रमाणे मैदानाला वाकून नमस्कार करून आत गेली. निहार वाचू लागला. दहा, दहा, दहा. शिमिझूच्या कागदाशी थांबला.

"शिमिझूने आज खेळू नये. त्याला दवाखान्यात न्यायला हवं."

"कागदावर काय लिहिलंय?" कान्तोकुंनी विचारलं.

"दहा. मीही दहाच लिहायचो. त्या फोटोच्या दिवशीसुद्धा." निहारने कागद खाली केला. "तो गोल मला आठवत नाही, कान्तोकु. तो सामनाच आठवत नाही."

शिमिझू हळूच खाली गवतावर बसला. कान्तोकुंनी निहारकडे न बघता टॅक्सी बोलवायला सांगितलं.

शिमिझूला दवाखान्यात ठेवून घेतलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. निहारच्या नोकरीबद्दल मात्र दोन दिवस अवाक्षर नाही. सोमवारी त्याच्या टेबलावर तोच कागद होता, कोरा, वर कान्तोकुंच्या अक्षरात निहारचं नाव. कोचकडून तो आजवर कुणी भरून घेतला नव्हता.

निहारने तो घरी आणला. झोप, पाय, पाठ भराभर लिहून झालं. डोक्याशी पेन अडलं. सवयीने दहा लिहिले, खोडले, मग कागद माझ्याकडे सरकवला. तिथे चार होते.

"अजून?" मी विचारलं.

"सहा वर्षं झाली, मावशी. कोणी विचारलंच नव्हतं."

मी उठले आणि दिवा बंद केला.