उन्हाने प्यायलेलं डिझेल

चंद्रभान माझा साडू. साडूची चेष्टा करायचा हक्क असतो आणि तो मी पुरेपूर बजावत आलो. मूळचा अंजनगाव सुर्जीचा, घरी पानमळा; पण हा जाऊन बसला अकोल्यापलीकडच्या एका लष्करी तळावर, इंधनाच्या टाक्या सांभाळायला. वर्दी नाही, बंदूक नाही, साधा मुलकी नोकर. तळाचं नाव विचारलं की म्हणायचा, "ते नाई सांगता येत." मी म्हणायचो, "तू नको सांगू. तुह्या अंगाचा डिझेलचा वास साऱ्या राजापेठेले सांगून राह्यला."

मुलांच्या क्लासेससाठी त्याची बायको रागिणी अमरावतीला, राजापेठेत आमच्या शेजारी राहायला आली, तेव्हापासून हा तिकडे एकटा. पंधरा दिवसांनी एक रविवार यायचा. मुलं क्लासला गेलेली, रागिणी कामात, आणि हा पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखा बसलेला. मला कीव यायची आणि रागही यायचा. "अबे, बायकोसंग बोल ना!" म्हटलं तर म्हणे, "काय बोलू? तिकडं टाक्याच हायेत."

काम म्हटलं तर सोपं. जमिनीत पुरलेल्या तीन टाक्या. रोज सकाळी ऊन चढायच्या आत प्रत्येकीत मापाची लांब कांडी सोडायची, ओली खूण कुठवर आली ते पाहायचं आणि लिहायचं. दोन उन्हाळे मधल्या टाकीत थोडं थोडं कमी भरत होतं. तळावर एक जुना विनोद होता, अकोल्याचं ऊन डिझेल पितं. शेहेचाळीस अंशांत भाजणाऱ्या माणसाला हे सहज पटतं. पेट्रोल उडतं, डिझेल तसं उडत नाही, हे चंद्रभानला चांगलं ठाऊक होतं. तरी साहेबांनी विचारलं की हाही हसून सांगायचा, "उनानं पेलं, साहेब." साहेबही हसायचे आणि सही करायचे.

तळाच्या कुंपणाला लागून नत्थुजी आणि गंगूबाई या म्हाताऱ्या जोडप्याचा भाजीचा मळा होता. मेथी, पालक, वांगी, पाणी विहिरीचं. ड्युटी सुटली की चंद्रभान तिथे जायचा. गंगूबाई आधी तांब्याभर पाणी द्यायची, मग भाकर आणि वांग्याची भाजी. त्याचं दिवसभराचं सगळं बोलणं त्या अंगणात व्हायचं. याच्या मुलांचे मार्क गंगूबाईला ठाऊक असायचे, मला नसायचे. तीही त्याची थट्टा करायची. "भाऊ, तुमी फाटकात याच्या आंधी तुमचा वास येते. घरातल्या पान्यालेई तुमचाच वास लागला." तिघंही हसायचे. याला स्वतःला वास येतच नसे. पंचवीस वर्षं टाक्यांच्या तोंडाशी वाकून नाक पार मेलं होतं, आणि ही गोष्ट त्याने तळावर कुणाला कळू दिली नव्हती.

गेल्या डिसेंबरात रागिणीला टायफॉइड झाला म्हणून तो बारा दिवस रजा काढून इथे राहिला. परत गेला त्या संध्याकाळी जेवायला वाढता वाढता गंगूबाईने विचारलं, "परवा आल्ते काय, भाऊ? पानी भरलं तं घरभर तुमचा वास."

"मी तं अमरावतीले होतो. बारा दिवस."

"मंग कोनाचा वास येऊन राह्यला?"

घास त्याने ताटात ठेवला. विहिरीवर जाऊन बादली ओढली. पाण्यावर तेलाची रंगीत साय तरंगत होती. डिसेंबर होता; मधली टाकी तरीही कमीच भरत होती, आणि बोट दाखवायला ऊन उरलं नव्हतं. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसात फुगते, त्या ओढाताणीत टाकीचा जोड सुटला असणार, हे त्याला तिथेच उमगलं.

"हे पानी पेऊ नका, मावशी," एवढं सांगून तो तळावरच्या आपल्या खोलीवर आला आणि त्याने मला फोन केला.

"सांगतलं तं विहीर बंद करतीन, दादा. मळा जाईन. माह्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पन ते घर मले बंद होईन. साऱ्या जगात तिथंच कोनी माही वाट पाह्यते."

मी चिडलो. "अन् नाई सांगतलं तं भाजी खाणारे मरतीन ना, गाढवा!"

"मले समजते ते," तो म्हणाला. "तुमाले फक्त सांगून राह्यलो."

सकाळी साहेबांसमोर उभा राहून त्याने उन्हाची थाप आणि मेलेलं नाक, दोन्ही कबूल केलं. टाकी रिकामी करून खणली, खालचा जोड उघडा पडलेला सापडला. विहिरीवर पत्रा ठोकला, मातीचे नमुने तपासणीला गेले, उभी मेथी उपटावी लागली. नत्थुजींच्या दारात रोज पाण्याचा टँकर येऊ लागला. चंद्रभानला टाक्यांवरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं.

पंधरा दिवसांनी हिंमत करून तो कुंपणापलीकडे गेला. गंगूबाई टँकरच्या पाण्याने ड्रम भरत होती. तिने बसायला सांगितलं, तांब्या मात्र आणला नाही.

"सांगतलं ते बरं केलं, भाऊ," ती म्हणाली. "मी अडानी बाई, मले वाटलं तुमचाच वास हाये. पन तुमचं तं कामच ते होतं ना? दोन वर्सं हेच पानी पेले तुमी माह्या हातानं."

"मले समजलं नाई, मावशी."

"मंग आमी कोनाच्या भरोशावर होतो?"

नत्थुजी उपटलेल्या वाफ्यांकडे पाहत बसले होते, त्यांनी मान वळवली नाही. हा उठला. "येतो" म्हणाला, त्यावर "या" असं कुणी म्हटलं नाही.

हे त्याने मला रागिणीच्या घरी, त्याच पलंगाच्या कडेला बसून सांगितलं. त्याने केलं ते बरोबरच केलं आणि फार उशिरा केलं, असं मला वाटतं. पण तोंडावर ते बोलायची माझी छाती झाली नाही. नवं काम हलकं आहे म्हणे, पाच वाजता सुटका होते.

"मंग सुटल्यावर कुठं जातं?" मी विचारलं.

"खोलीवर," तो म्हणाला.